पहिली दहा मिनिटं

मार्च १९८३. तुम्ही दहावीत आहात. चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीत, बाहेरच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीवर बसून तुम्ही कंपासपेटी पुन्हा एकदा उघडून बघताय. कर्कटक आहे, कोनमापक आहे, दोन्ही गुण्ये आहेत, पेन्सिलीला टोक आहे. हॉल तिकीट पॅडच्या चिमट्यात आहे, तेही मघाशीच बघून झालंय. आई हातावर दही-साखर घेऊन उभी आहे. मोरया गोसावींच्या देवळातला अंगारा कपाळाला लावल्याशिवाय ती तुम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही. आज भूमितीचा पेपर आहे आणि सकाळपासून तुम्हाला पोह्यांचा घास गिळवत नाहीये.

अण्णा फर्स्ट शिफ्टला गेलेत. जाताना त्यांनी मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ काढून तुमच्या उशाशी ठेवलं. ‘कारखान्यात भोंगा असतोय, मला कशाला लागतंय,’ एवढंच म्हणाले. खरंच आहे ते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे आकुर्डीला बजाज आली, पिंपरीला टेल्को आली, आणि सातारा, सांगली, नगर, उस्मानाबादकडची माणसं इथे खोल्या करून राहू लागली. गेल्या वर्षी ११ ऑक्टोबरला पिंपरी-चिंचवडची महानगरपालिकाही झाली. तरी तुमच्या चाळीचा दिवस अजून शिफ्टवरच चालतो. पहाटेच्या भोंग्याला उठायचं, दुपारच्या भोंग्यानंतर अण्णांची सायकल दारात लागायची, रात्रीच्या भोंग्याला पुस्तक मिटायचं. दहावीचं अख्खं वर्ष तुम्ही या आवाजांवर अभ्यास केलाय.

काल रात्री जेवताना अण्णांनी पहिल्यांदाच अभ्यासाचा विषय काढला. ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. भूमितीतलं त्यांना काही विचारू नका. पण ठरलेल्या वेळात काम कसं उरकायचं, हे त्यांच्याइतकं त्या गल्लीत कुणाला कळत नसेल. आकुर्डीला स्कूटरच्या असेंब्ली लाइनवर ते उभे असतात.

‘लाइनवर माझ्यापुढं गाडी येती आणि ठरल्या वेळात पुढं जाती,’ अण्णा म्हणाले. ‘एखाद्या बोल्टाचे आटे धरंनात, तर मी काय करतो? लाइन धरून बसतो? मागं सगळं तुंबून जाईल. मी गाडीला टॅग लावतो आणि सोडतो. शेवटाला रिवर्कवाले बसल्यात, ती तिथं दुरुस्त हुती. तुझ्या पेपरात पण तसंच कर. अडलं की टॅग लाव आणि पुढं हो. टॅग लावायला मात्र इसरू नको.’

तुम्ही मान डोलावली. भूमितीत कसला टॅग, असंही मनात आलं.

आता वर्गात या. एका बाकावर एक विद्यार्थी. बाकावर खडूनं लिहिलेला बैठक क्रमांक तुम्ही हॉल तिकिटाशी ताडून बघता. पर्यवेक्षक बाई उत्तरपत्रिका वाटतात. बैठक क्रमांक अंकात लिहायचा, मग अक्षरात. अक्षरात लिहिताना हात किंचित थरथरतो आणि शाईचा ठिपका पडतो. अकराचा टोल पडतो. प्रश्नपत्रिका हातात येते. सगळा वर्ग एकदम कागदावर वाकतो आणि पेनांची कुरकुर सुरू होते. तुम्हीही वाकता. पहिला प्रश्न, पहिला उपप्रश्न. सगळे लिहिताहेत म्हणून तुम्हीही लिहायला लागता. पेपर उलटून शेवटच्या पानावर काय आहे, हे तुम्ही बघतच नाही.

दुसऱ्या प्रश्नात एक रायडर आहे, म्हणजे पाठ प्रमेय लावून स्वतः सिद्ध करायचं उदाहरण. वर्तुळ, बाहेरचा एक बिंदू, त्यातून काढलेल्या दोन स्पर्शिका. प्रमेय तुम्हाला पाठ आहे, दोन्ही स्पर्शिकाखंड एकरूप असतात. पण जे सिद्ध करायचंय त्यात मधेच एक जीवा आलीय आणि तुमच्या आकृतीत ती भलत्याच ठिकाणी जातेय. तुम्ही खोडता. पुन्हा काढता. पुन्हा खोडता. कागद पातळ होऊन मागच्या पानाची शाई वर दिसू लागते.

तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘बाई, पुरवणी!’

परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला हा आवाज ठाऊक आहे. तुमची मुख्य उत्तरपत्रिका निम्मीही भरलेली नाही आणि कुणी तरी पुरवणी मागतंय. पोटात खड्डा पडतो. कान गरम होतात, तळवे गार पडतात. तुम्ही रायडर वाचता, शब्द कळतात, वाक्य कळत नाही. परत वाचता, पुन्हा तेच. घड्याळाकडे बघता. परत बघता. आता तुम्ही भूमिती सोडवत नाही, घड्याळच सोडवत बसलाय.

इथे जरा थांबून तुमच्या शरीरात काय चाललंय ते बघू. धोका दिसला की शरीर ॲड्रेनलीन सोडतं. हृदय जोरात चालू लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम, रायडर सोडवायला तिचा उपयोग नाही. मेंदूत चालू कामाच्या गोष्टी धरून ठेवायला जागा फार थोडी असते. दिलेलं काय, सिद्ध काय करायचं, कुठलं प्रमेय लावायचं, हे सगळं त्याच जागेत मावायला हवं. आता तिथे चिंता येऊन बसलीय: नापास झालो तर, अण्णा काय म्हणतील, तो पुरवणी मागणारा किती पुढे गेला असेल. वाक्य कळत नाही याचं कारण तुमची बुद्धी आटली हे नव्हे. जागा भरलीय, एवढंच. हे १९८३ मध्ये तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं.

थोडी भीती मात्र हवीच. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की अवघड काम शिकायचं असेल तर मध्यम उत्तेजना सर्वांत कामी येते. ती वाढत गेली की काम बिघडतं. सकाळी पोहे गेले नाहीत, ते चालून गेलं. आत्ता जे चाललंय ते मर्यादेपलीकडचं आहे आणि तुम्हाला ते खाली आणायचंय.

अण्णांचा आवाज कानात येतो. तुम्ही समासात पेन्सिलीनं एक छोटा गोल काढता. अर्धं पान कोरं सोडता. प्रश्नपत्रिकेवरही त्या रायडरपुढे तसाच गोल काढता आणि पान उलटता.

शेवटच्या पानावर रचना आहेत. त्रिकोणाचं अंतर्वर्तुळ काढायचंय. हे तुमच्या हाताचं काम. कर्कटकाचं टोक कागदात रुततं, कंस उमटतो, दुसरा कंस त्याला छेदतो, कोनदुभाजक निघतो. हात कामाला लागले की श्वासही सावकाश होतो. दोन रचना, एक प्रमेय, त्यानंतरची एक पायथागोरसवरची आकडेमोड, असं एकेक पुढे सरकतं. बारा वाजल्याचा टोल कधी पडला ते तुम्हाला ऐकूच आलेलं नसतं. शेवटच्या वीस मिनिटांत तुम्ही पेन्सिलीच्या गोलापाशी परत येता. कोऱ्या अर्ध्या पानावर आकृती नव्यानं, मोठी काढता. या वेळी जीवा जिथे जायला हवी तिथेच जाते. सिद्धता शेवटपर्यंत पोचत नाही, पण चार पायऱ्या बरोबर येतात आणि त्यांचे गुण मिळतात. ‘पुरवण्या बांधा,’ बाई म्हणतात. तुम्ही दोरा ओवून गाठ मारता.

अण्णांची शिकवण मला परीक्षेवरच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा मोलाची वाटते. त्यांनी ‘घाबरू नको’ असं म्हटलं नाही. घाबरलेल्या माणसाला त्या वाक्याचा कधी उपयोग होत नाही. त्यांनी नियम दिला आणि तो आदल्या रात्री, शांत डोक्यानं दिला. अडल्यावर सोडायचं की लढायचं हे भर पेपरात ठरवायला बसलं, तर ते ठरवण्यातच पाच मिनिटं जातात. आधी ठरलेलं असलं की नुसता हात हलवायचा. शिवाय खूण केल्यानं तो प्रश्न डोक्यातून उतरून कागदावर जातो. खूण न करता सोडलेला प्रश्न पुढच्या प्रत्येक प्रश्नात डोकावत राहतो.

एक गोष्ट मात्र नशिबानं जमली: पान उलटलं आणि नेमक्या रचना समोर आल्या. शेवटच्या पानावर हातखंडा रचना आहेत हे तुम्हाला अकरा वाजताच कळायला हवं होतं. कळलं असतं, तर ‘बाई, पुरवणी’ ऐकून पोटात एवढा मोठा खड्डा पडला नसता. पेपरात तुमच्यासाठी काय काय ठेवलंय हे माहीत असलेला माणूस एका रायडरला इतकं घाबरत नाही.

वर्गातून बाहेर पडलात की स्टेशनाकडे बघा. पुणे-लोणावळा लोकल जातेय. याच रुळांवरून आणखी मागे जाऊ, पण तिथे फार वेळ काढायचा नाही.

ऑक्टोबर १८५९. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी सुरू होऊन सव्वा वर्ष उलटलंय. तुम्ही पुण्यात शिकताय आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच प्रवेश परीक्षेला निघालाय. विद्यापीठ स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षं झालीत. गाडी पिंपरी, चिंचवडच्या शिवारातून जाते. आजूबाजूला शेती आहे, पवनेच्या काठी मोरयाचं देऊळ आहे आणि एकही धुराडं नाही. खंडाळ्याला रूळ संपतात. बोरघाटाचा रेल्वेमार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडणार आहे, म्हणून घाट तट्टावरून किंवा पालखीतून नाही तर पायी उतरायचा आणि खोपोलीला पुन्हा गाडीत बसायचं.  

त्या परीक्षेला शंभराहून जास्त जण बसतात आणि पास होतात ते वीस-बावीस. त्यात महादेव गोविंद रानडे आहेत. नापास झालेल्यांपैकी जे पुण्याकडचे होते, त्यांनी मान खाली घालून घाट परत चढला असणार. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली ही पद्धत आपल्याकडे नवी होती. सर्वांना एकच कागद, सर्वांना एकच वेळ, आणि निकाल लावणारा तुम्हाला ओळखत नाही. त्याआधी गुरुजी समोर बसवून विचारत, विद्यार्थी अडला तर थांबत, प्रश्न फिरवून विचारत. नव्या परीक्षेत अनोळखी मुलालाही न्याय मिळाला, ही मोठीच गोष्ट झाली. पण अडलेल्या मुलासाठी थांबणारा माणूस त्यात उरला नाही. तुमच्या छातीतली धडधड तेव्हापासूनची आहे. आजची पिढी नाजूक म्हणून ती आलेली नाही.

आता पुढे चला. मे २०१९.

चिंचवड ओळखू येत नाही. पलीकडे पिंपरीत महामार्गावर मेट्रोचे खांब उभे राहताहेत, चाळीच्या जागी सात मजली सोसायटी आहे. अण्णांच्या नातवंडाच्या वयाचे तुम्ही बारावी देऊन एमएचटी-सीईटीला निघालाय. यंदा ही परीक्षा पहिल्यांदाच कागदावरून कॉम्प्युटरवर आलीय. गेल्या वर्षीपर्यंत ओएमआर शीटवर गोल काळे करायचे होते, आता माउस आहे. सगळ्यांची परीक्षा एका दिवशीही नाही. बरेच दिवस, वेगवेगळ्या सत्रांत ती चालणार आहे.

केंद्राच्या फाटकाबाहेर, मेच्या उन्हात, पालक मिळेल त्या सावलीला उभे आहेत. कुणी शेवटच्या क्षणी सूत्रांचा कागद वाचतंय. तुम्हीही वाचताय, पण डोक्यात काही शिरत नाही. तो कागद ठेवून द्या. जुन्या वहीचं एक पान फाडा आणि तुम्हाला कशाची भीती वाटतेय ते लिहा, दहा मिनिटं, जसं सुचेल तसं. हे माझं खूळ नाही. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि सिआन बाइलॉक यांनी नववीच्या मुलांवर हा प्रयोग केला आणि २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापून आला. जीवशास्त्राच्या पेपराआधी दहा मिनिटं आपली चिंता लिहून काढणाऱ्या घाबरट मुलांचे गुण, न लिहिणाऱ्या घाबरट मुलांपेक्षा चांगले आले. चिंता कागदावर उतरली की मघाशी म्हटलेली ती जागा थोडी मोकळी होते. लिहा, चुरगाळा, टाकून द्या.

आत तपासणी होते. घड्याळ बाहेरच ठेवायचं. अण्णांचं एचएमटी इथे चाललं नसतं. लॅबमध्ये एसीचा गारवा आहे, रांगेनं पडदे आहेत, एक कोरा कागद रफ कामासाठी मिळतो. लॉगिन होतं, सूचनांचं पान येतं. परीक्षा सुरू होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात ९० मिनिटं उलटी मोजली जाऊ लागतात. १९८३ मध्ये टोल अधूनमधून पडायचा. मधल्या वेळात घड्याळाकडे बघायचं की नाही हे तुमच्या हातात होतं. आता दर सेकंद तुमच्या डोळ्यांसमोर गळतोय.

हिशेब एकदाच करू आणि विसरून जाऊ. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. नंतरच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, प्रश्नामागे १०८ सेकंद. ५४ हा आकडा मुलांना फार छळतो. तो सरासरीचा आकडा आहे, प्रत्येक प्रश्नाला लावायची पट्टी नव्हे. रसायनशास्त्रातले कितीतरी प्रश्न वाचता वाचता सुटतात, वीस-पंचवीस सेकंदांत. तिथे वाचलेला वेळच भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीला मिळतो. म्हणून बहुतेक क्लासवाले आधी रसायनशास्त्र घ्या म्हणतात आणि इथे त्यांचं ऐकावं.

तुम्ही मात्र सवयीनं प्रश्न क्रमांक एकपासून सुरुवात करता. भौतिकशास्त्र. सातवा प्रश्न घूर्णन गतीचा. एक भरीव गोल उतरणीवरून गडगडत येतोय, त्याचा वेग काढायचाय. तुमचं उत्तर चारही पर्यायांत नाही. पुन्हा करता. पुन्हा नाही. जडत्व आघूर्णाचं सूत्र दोन पंचमांश की दोन तृतीयांश? भरीव गोलाचं दोन पंचमांश. की पोकळाचं? शेजारी माउसची टकटक चाललीय, भराभर. हा तोच ‘बाई, पुरवणी’चा आवाज. शेजाऱ्याच्या पडद्यावर प्रश्न तुमच्या क्रमानं येत नाहीत. तो सोपा भाग करत असेल, कदाचित नुसता मागे-पुढे जात असेल. ती टकटक तुम्हाला त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. तरी कान तिकडे लागतात. तीन मिनिटं गेली. तेवढ्यात रसायनशास्त्राचे पाच-सहा प्रश्न झाले असते.

हात माउसवरून काढा. पाय जमिनीवर टेकवा. चार मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, हे सहसा होतंच, म्हणून सोडण्याला जास्त वेळ द्यायचा. असं पाच वेळा. एक मिनिटही लागत नाही. दीडशे प्रश्नांच्या परीक्षेत हे मिनिट वाया गेलं असं वाटेल. वाक्य तीनदा वाचून न कळण्यात जाणारी मिनिटं कुणी मोजत नाही, म्हणून तसं वाटतं.

आता ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ दाबा. पडद्याच्या बाजूला प्रश्नक्रमांकांची चौकट आहे, त्यात सातवा आकडा जांभळा होतो. हाच अण्णांचा टॅग. छत्तीस वर्षांनी तो पडद्यावर आलाय. रसायनशास्त्राकडे उडी मारा. हिरवे आकडे वाढू लागतात, एक, चार, अकरा. हात पुन्हा चालू लागतात.

पन्नासाव्या मिनिटाला रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्रातले ओळखीचे प्रश्न संपतात. चौकटीत जांभळे आणि न बघितलेले मिळून तीसेक उरलेत. चाळीस मिनिटं आहेत. हे तुम्हाला जमण्यासारखं आहे आणि ते आता तुम्हाला दिसतंय. सातव्यापाशी परत येता. भरीव गोल, दोन पंचमांश. मघाशी उंचीच्या जागी उतरणीची लांबी घातली होती. पर्याय ‘क’.

शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटला किंवा जेईई मेनला हे करू नका. तिथे चुकीला एक गुण कापला जातो आणि अंदाजाची किंमत मोजावी लागते. कुठल्या परीक्षेचा काय नियम आहे हे आधी माहीत असणं, हाही वेळ वाचवण्याचाच भाग आहे.

९० मिनिटं संपतात. भौतिक-रसायनचा भाग बंद होतो. आता तिथे परत जाता येत नाही. गणित उघडतं. पलीकडच्या रांगेत एक मुलगी डोळे पुसतेय. तिचे काही प्रश्न राहिले असणार. तिच्याजवळ जाऊन एक गोष्ट सांगता आली असती तर बरं झालं असतं: या परीक्षेत निकाल पर्सेंटाइलनं लागतो. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण किती जणांना मिळाले, त्याचा तो आकडा. पेपर अवघड असेल तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. तीस प्रश्न सुटले नाहीत म्हणून रडणारी मुलगी कदाचित त्या सत्रात बरीच वर असेल. पण आत्ता ती गणिताची पहिली पाच मिनिटं मागच्या भागाच्या दुःखात घालवतेय आणि ही पाच मिनिटं मात्र तिची एकटीची जाणार आहेत.

शेवटचा मुक्काम. २ मार्च २०२३. दहावीचा पहिला पेपर, मराठी. तुम्ही पुन्हा बाकावर आहात, पुन्हा बैठक क्रमांक, पुन्हा उत्तरपत्रिका. साडेदहाला वर्गात बसवलंय. दहा पन्नास होतात. काही घडत नाही.

गेली काही वर्षं या क्षणी प्रश्नपत्रिका हातात यायची. अकरापर्यंत फक्त वाचायची, लिहायचं नाही. यंदा राज्य मंडळानं ही पद्धत बंद केलीय. त्या दहा मिनिटांत पेपराचे फोटो मोबाइलवर फिरतात, अफवा उठतात, हे कारण. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी मागणी केली तेव्हा मंडळानं दहा मिनिटं परत दिली, पण शेवटी. आता पेपर अकराला मिळतो आणि दोन दहाला संपतो.

मिनिटं तेवढीच आहेत, मग तक्रार कसली, असं वरवर बघणाऱ्याला वाटेल. अकराचा टोल पडल्यावर तुम्ही स्वतःच बघा. प्रश्नपत्रिका हातात येते आणि सगळा वर्ग कागदावर वाकतो. पेनांची कुरकुर सुरू होते. अशा वर्गात एकट्यानं पेन खाली ठेवून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसायला पंधरा वर्षांच्या मुलाकडे फार मोठा धीर लागतो. दहा पन्नासच्या पद्धतीत तो धीर लागत नव्हता, कारण लिहायला कुणालाच परवानगी नव्हती. हुशार आणि कच्चे, घाबरट आणि बिनधास्त, सगळे दहा मिनिटं नुसते वाचत होते. कुठला प्रश्न आधी घ्यायचा, कुठल्याला खूण करायची, निबंधाला किती वेळ ठेवायचा, हे त्या शांततेत ठरत होतं. सुरुवातीची दहा मिनिटं भीती उतरवतात. शेवटची दहा मिनिटं लिहायचं राहिलेलं उरकायला मिळतात. उपयोग दोन्हींचा आहे, पण घाबरणाऱ्या मुलाला पहिली दहा जास्त लागतात.

पेपर फुटण्याची भीती खरी आहे आणि मंडळाची अडचणही खरी आहे. पण सीबीएसईची मुलं सव्वादहाला प्रश्नपत्रिका हातात घेतात आणि साडेदहापर्यंत, पंधरा मिनिटं, ती वाचतात. त्याच देशात, त्याच मोबाइलच्या काळात. मोबाइल वर्गाबाहेर ठेवणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे. ती पेलली नाही म्हणून मुलांच्या वाचनाचा वेळ जाऊ नये. राज्य मंडळानं शेवटची दहा मिनिटं आहेत तिथेच ठेवावीत आणि सुरुवातीची वाचनाची वेळ पुन्हा द्यावी. कच्च्या मुलाला यानं जास्त प्रश्न येतील असं नाही, पण जे येतं ते तरी त्याला लिहिता येईल.

तोवर, तुमचा किंवा तुमच्या घरातल्या कुणाचा पेपर येत्या मार्चमध्ये असेल तर सराव आजपासून करा, घरी, जुन्या प्रश्नपत्रिकेवर. टोल पडल्यापासून दहा मिनिटं पेन बाजूला ठेवायचं, शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, येणाऱ्या प्रश्नांवर आणि अडणाऱ्या प्रश्नांवर वेगवेगळ्या खुणा करायच्या आणि मगच लिहायला लागायचं. आठवड्यातून एकदा असं केलंत तर मार्चपर्यंत हाताला सवय होईल, आणि भर वर्गात सगळे लिहीत असताना तुम्हाला वाचत बसणं जमेल.